दलदलीची पकड

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील मजकूर)

मंचावरच्या टेबलावर काचेच्या दोन नळ्या स्टँडला लावून उभ्या केल्या आहेत. डावीकडच्या नळीत धुतलेली नदीची वाळू आहे. उजवीकडच्या नळीत वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा दिसणारा तपकिरी भुसा आहे. दोन्ही थर वीतभर उंचीचे. दोन्हींवर सोडलेलं पाणीही एकच, अर्ध्या लिटरात एक ग्रॅम मोरचूद विरघळवून केलेलं, फिकट निळं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण कालवणाऱ्या कुणालाही हा रंग ओळखीचा वाटेल.

वाळूतून पाणी भराभर खाली आलं आणि निळंच आलं. उजवीकडची नळी रेंगाळते आहे. तिच्यातून थेंब थेंब पडतो आहे, आणि त्याचा रंग पातळ कोऱ्या चहासारखा पिवळसर आहे. दोन्ही चंचुपात्रांत अमोनियाचे थोडे थेंब टाकले. डावीकडचं पाणी क्षणात गर्द निळंजांभळं झालं. पाण्यात तांबं असल्याची ही प्रयोगशाळेतली जुनी खूण. उजवीकडचं पाणी मात्र पिवळंच राहिलं. मोरचुदातलं तांबं नळीतल्या भुशाने धरून ठेवलं आहे.

हा भुसा म्हणजे पीट. थंड, पाणी साचून राहणाऱ्या दलदलीत झाडोरा मरतो, पण पुरता कुजत नाही. तिथल्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि आम्लता भरपूर असते, त्यामुळे कुजवणारे जिवाणू अर्ध्यातच अडतात. वर नवा झाडोरा वाढतो, खालचा दबत जातो. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतो. टेबलावरच्या नळीतला वीतभर थर दलदलीत साचायला दोनेकशे वर्षं लागली असतील, म्हणजे त्याचा तळ पेशवाई बुडाली त्या सुमाराचा. आयर्लंड, स्कॉटलंड, फिनलंड, कॅनडा, सायबेरिया या भागांत असे थर कित्येक मीटर खोल आहेत. आपल्याकडे ते फार नाहीत. तरी निलगिरीच्या पठारावरच्या दऱ्यांत पीट आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निलगिरी पीटमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून दक्षिण भारताच्या वीस हजार वर्षांच्या हवामानाचा माग काढला. तो निबंध १९९३ साली ‘नेचर’मध्ये आला.

थंड प्रदेशातलं बरंचसं पीट बनतं ते स्फॅग्नम या शेवाळापासून. ऑर्किड लावणारे आणि नर्सरीवाले त्याला नुसतं ‘मॉस’ म्हणतात. त्याचं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर हिरव्या जिवंत पेशींच्या अरुंद जाळीत मोठमोठ्या रिकाम्या पेशी दिसतात. या पेशी मेलेल्या असतात, भिंतींना भोकं असतात, आणि त्यांचं एकच काम असतं, पाणी भरून ठेवणं. वाळलेलं स्फॅग्नम आपल्या वजनाच्या वीसपट पाणी सहज धरतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कापसाची टंचाई झाली, तेव्हा एडिंबराचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट यांनी जखमांवर बांधायला हे शेवाळ वापरण्याचा आग्रह धरला. गावोगावच्या बायामुलांनी ते दलदलीतून गोळा करून, निवडून, मलमलीच्या पिशव्यांत भरलं. युद्धाच्या शेवटी ब्रिटनमध्ये महिन्याला दहा लाखांच्या घरात अशा पट्ट्या तयार होत होत्या.

पण पाणी शोषणं वेगळं आणि पाण्यातलं तांबं पकडणं वेगळं. स्पंजही पाणी शोषतो, तो पिळला की तांबं पाण्याबरोबर बाहेर येतं. पीटमध्ये घडतं ते अधिशोषण, म्हणजे विरघळलेला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणं.

इथे एसटी स्टँडवरचं दृश्य डोळ्यांसमोर आणावं. गाडी लागते, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. पीटमधल्या ह्युमिक आम्लांवर आणि शेवाळाच्या पेशीभित्तिकांवर अशा असंख्य जागा असतात. रसायनशास्त्रात त्यांना कार्बॉक्सिल आणि फिनॉलिक गट म्हणतात. प्रत्येक जागेवर हायड्रोजनचा रुमाल पडलेला असतो. पाण्याबरोबर तांब्याचा आयन येतो, रुमाल खाली टाकतो आणि बसतो. तांब्यावर दोन धनभार असतात, त्यामुळे त्याला दोन जागा लागतात आणि दोन रुमाल पाण्यात पडतात. म्हणूनच उजवीकडच्या नळीतून पडणाऱ्या ताज्या पाण्यात आम्लता दाखवणारी रंगपट्टी बुडवली की ती मूळच्या पाण्यापेक्षा जास्त लाल होते. जितकं जास्त तांबं बसलं, तितका जास्त हायड्रोजन बाहेर आला. दलदल स्वतः आम्लधर्मी होते तीही याच अदलाबदलीने. शेवाळ पावसाच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं आणि बदल्यात हायड्रोजन सोडतं.

सगळ्या प्रवाशांना सारखा मान नसतो. शिसं आणि तांबं घट्ट बसतात. निकेल, जस्त, कॅडमियम यांची बैठक त्यामानाने सैल. सोडियम आणि पोटॅशियम तर कुणी जड आलं की लगेच उठतात. गाडी भरली की भरली. त्यानंतर येणारं तांबं तसंच पुढे निघून जातं, किंवा आधी बसलेल्या जस्ताला उठवून त्याची जागा घेतं. तेव्हा नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जस्त आत जाणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त सापडू शकतं. गाळणी चालवणाऱ्याने हा टप्पा गाठण्याआधीच पीट बदलायला हवं.

निसर्गाने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी करून ठेवला आहे. वेल्समध्ये डॉलगेल्लाईजवळ कोइड-अ-ब्रेनिनच्या जंगलात डॉल्फ्रुइनॉग नावाची दलदल आहे. आसपासच्या खडकात तांब्याचं खनिज आहे. तिथून झिरपणारं पाणी शतकानुशतकं त्या दलदलीतून गेलं आणि पीटने त्यातलं तांबं वेचून ठेवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांच्या हे लक्षात आलं. त्यांनी खडक फोडला नाही. पीट कापलं, वाळवलं, भट्टीत जाळलं आणि उरलेली राख तांबं गाळायला स्वान्सीला पाठवली. दलदलीच्या या जागेचं नावच ‘टर्फ कॉपर’, म्हणजे गवताळ मातीतलं तांबं, असं पडलं. कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या टँट्रामारच्या दलदलीतही असंच आहे. तिथल्या कोरड्या पीटमध्ये काही टक्के तांबं सापडलं. हंगेरीचे आलेक्झांडर सालाय यांनी १९६४ साली दाखवून दिलं की पाण्यात जेमतेम अंशाने असलेलं युरेनियम पीटमधली ह्युमिक आम्लं सुमारे दहा हजार पटींनी एकवटतात.

प्रयोगशाळेतली गोष्ट बेलफास्टपासून सुरू करावी लागते. कापडाच्या त्या शहरात रंगाचं सांडपाणी हा रोजचा प्रश्न होता. पूट्स, मॅके आणि हीली यांनी १९७६ साली ‘वॉटर रिसर्च’मध्ये लिहिलेला निबंध पीटने सांडपाण्यातला आम्ली रंग ओढून घेण्याबद्दल होता. असा रंग काढायला वापरला जाणारा सक्रिय कार्बन महाग आणि पीट आयर्लंडभर पसरलेलं, तेव्हा स्वस्तात काम होतं का, हा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढे गॉर्डन मॅके आणि युह-शान हो यांनी तांबं, निकेल आणि शिसं पीटवर किती वेगाने बसतात याचं गणित मांडलं. हो यांची पीएचडी बर्मिंगहॅमला, पीटवर जड धातू बसवण्यावरच झाली होती. त्या कामातून आलेलं समीकरण १९९९ साली ‘प्रोसेस बायोकेमिस्ट्री’मध्ये सविस्तर आलं. आज अधिशोषणावर काम करणारा एमएस्सीचा विद्यार्थी, मग तो औरंगाबादचा असो की कोल्हापूरचा, संत्र्याच्या सालीवर काम करो की भाताच्या तुसावर, आपल्या आकड्यांना हे ‘छद्म द्वितीय क्रमाचं’ समीकरण लावून पाहतोच. त्या समीकरणाचा जन्म दलदलीच्या मातीत झाला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

त्या समीकरणात व्यवहाराची एक गोष्ट लपलेली आहे. पहिल्या काही मिनिटांत पीट झपाट्याने धातू उचलतं, नंतर वेग मंदावत जातो. म्हणजे पाण्याला पीटच्या सहवासात पुरेसा वेळ मिळायला हवा. घाई केली तर रिकाम्या जागा असूनही तांबं निसटतं. आणि पीट ओलं झालं की दबतं, त्याची वाट बंद होते. टेबलावरची नळी रेंगाळते आहे ती त्यामुळेच. अमेरिकेत मिनेसोटामध्ये पीटचे भाजलेले टणक दाणे करून विकले जातात, म्हणजे वाट मोकळी राहते आणि पकडही. त्याच राज्यातल्या डन्का खाणीच्या दगडी ढिगांतून निकेल आणि तांबं झिरपत असे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पीट घालून पाणथळी बांधल्या आणि ते पाणी त्यांतून फिरवलं. निकेलचा मोठा हिस्सा पीटमध्ये थांबला.

घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत पीटची भूमिका वेगळी आहे. आयर्लंडच्या खेड्यांत घरं विखुरलेली, गटारं नाहीत, त्यामुळे जवळजवळ पाच लाख घरांचं सांडपाणी सेप्टिक टँकवर अवलंबून आहे. जमीन चिकण असली की टँकचं पाणी मुरत नाही, वरून वाहत विहिरीत उतरतं. बोर्ड ना मोना ही तेव्हा पीट काढणारी सरकारी कंपनी १९४६ची. तिने १९८०च्या दशकात ‘प्युराफ्लो’ नावाची गाळणी आणली. पेटीत पीटचे तंतू भरायचे आणि वरून टँकचं पाणी थोडं थोडं शिंपडायचं. इथे रुमाल-जागांचा खेळ दुय्यम आहे. पीटच्या तंतूंवर जिवाणूंची वस्ती होते आणि ते सांडपाण्यातली घाण खातात. पीट ओलं राहतं, तरी त्यात हवा खेळते, म्हणून ती वस्ती टिकते. आपल्या गावच्या शोषखड्ड्यात हवा खेळली तर काय बदलेल, याचा विचार या पेटीकडे पाहून करता येतो.

पीट उपसून पेटीत भरण्याऐवजी पाणीच दलदलीत न्यायचं, असाही एक मार्ग आहे. मिशिगनमधल्या हॉटन लेक गावाने १९७८ पासून आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उन्हाळ्यात शेजारच्या पीटभूमीवर सोडायला सुरुवात केली. मिशिगन विद्यापीठाचे रॉबर्ट कॅडलेक यांनी तीस वर्षं त्याची मोजदाद ठेवली. त्या काळात आलेल्या फॉस्फरसपैकी आणि विद्राव्य नायट्रोजनपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तिथेच अडला. फॉस्फरस कुठे गेला? वाढणाऱ्या झाडोऱ्यात, आणि तो मेल्यावर त्यातून बनलेल्या नव्या पीटमध्ये. पण पाणी जिथे पडत होतं तिथलं मूळचं गवत आणि झुडपं गेली, आणि पाणकणसाचं रान माजलं. दलदलीने काम केलं, त्यापायी ती स्वतः बदलली. हा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. पीटवर लिहिणाऱ्या पुष्कळांनी तो धरलेला नाही.

आता पीटची दुसरी बाजू. ती बंगालची आहे, आणि भारतीय श्रोत्याने ती विसरू नये.

१९७०च्या दशकापासून पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. तळ्याच्या पाण्याने पटकी आणि अतिसार होत, कूपनलिकेचं पाणी दिसायला नितळ. त्या नितळ पाण्यात आर्सेनिक निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम. अनेक ठिकाणी त्याच्या कित्येक पट आर्सेनिक होतं आणि लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर कडक गाठी आल्या. आर्सेनिक हिमालयातूनच गाळाबरोबर आलेलं, वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या गंजाला चिकटलेलं. तसंच चिकटून राहिलं असतं तर कुणाला बाधलं नसतं. मग ते का सुटलं? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे जॉन मॅकआर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलं की त्रिभुज प्रदेशात गाळाखाली पुरलेले पीटचे थर याला कारणीभूत आहेत. जिवाणू त्या पीटमधलं सेंद्रिय खातात. खोलात प्राणवायू नसल्याने ते लोहाच्या गंजावर श्वसन चालवतात. गंज विरघळतो, आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. मंचावर ज्या पदार्थाने तांबं पकडून दाखवलं, तोच पदार्थ, या मांडणीनुसार, तिथे जिवाणूंचं अन्न बनून विष सोडायला कारण झाला.

शिवाय आर्सेनिक पाण्यात ऋणभार घेऊन किंवा भाराविना फिरतं, त्यामुळे हायड्रोजनचे रुमाल टाकलेल्या त्या जागांवर ते बसतच नाही. पण स्वित्झर्लंडमधल्या गोला दि लागो या दलदलीत पीटने आर्सेनिक भरपूर साठवलेलं आहे. तिथे ते पीटमधल्या गंधकाला बांधलं गेलं आहे, असं २०१२ साली झ्युरिकच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या मदतीने दाखवलं. गंधक हाताशी आहे की नाही, लोह किती आहे, हवा पोचते की नाही, यावर निकाल फिरतो. ‘पीट पाणी शुद्ध करतं’ असं सरसकट वाक्य म्हणूनच कुठल्याही माहितीपत्रकात छापू नये. आणि पीटमधून आलेलं ते पिवळसर पाणी प्यायचं तर नाहीच. त्यातल्या सेंद्रिय आम्लांची क्लोरीनशी गाठ पडली की ट्रायहॅलोमिथेन ही घातक संयुगं तयार होतात. दलदलीतून पाणी घेणाऱ्या गावांच्या जलशुद्धीकरण केंद्रांना तो ताप आहे.

एवढ्यात उजवीकडच्या नळीतला मोरचुदाचा अर्धा लिटर उतरून गेला आहे. आता तिच्यावर थोडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. आम्ल म्हणजे हायड्रोजनचा लोंढा. एवढी गर्दी आत घुसल्यावर तांब्याला उठावंच लागतं. खाली पडणारं पाणी हिरवट झालं, आणि त्यात पुरेसा अमोनिया टाकल्यावर तोच गर्द निळा रंग परत आला. मघाशी जे नाहीसं झालं असं वाटलं, ते नळीतच होतं.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधल्या दक्षिण पेनाइन्स डोंगरांवर असंच काहीसं मोठ्या प्रमाणावर चाललं आहे. औद्योगिक क्रांतीपासूनचं धुराडी आणि भट्ट्यांचं शिसं तिथल्या पीटने वरच्या थरात साठवून ठेवलं. धुराने आणि आम्लवर्षावाने शेवाळ मेलं, वणवे लागले, मेंढ्या चरल्या, उघडं पडलेलं पीट पावसाने वाहू लागलं. त्याच्याबरोबर दीडदोनशे वर्षांपूर्वीचं शिसंही आज ओढ्यांत उतरतं आहे.

म्हणून कुठल्याही गाळणीविषयी पहिला प्रश्न असा विचारावा की भरलेली गाळणी कुठे जाणार. तांबं, निकेल, शिसं भरलेलं पीट हा धोकादायक कचरा आहे. आम्लाने धुतलं तर दाट आम्लधर्मी पाणी हाती येतं. त्यातून धातू वेगळा काढायची सोय कारखान्यात असली तर ठीक, नाहीतर प्रश्न एका बादलीतून दुसऱ्या बादलीत गेला. जाळलं तर राखेत धातू एकवटतो. टर्फ कॉपरच्या माणसांना ती राख हवी होती. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंगच्या छोट्या कारखानदाराला ती नको असते.

दुसरा प्रश्न पीट आणायचं कुठून. जगातल्या जमिनीच्या जेमतेम तीन टक्के भागावर पीटभूमी आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्याहून अधिक कार्बन त्या तीन टक्क्यांत गाडलेला आहे. दलदलीला चर काढून पीट उपसलं की हवा आत शिरते आणि तो कार्बन वाफसा मिळालेल्या शेणखतासारखा कुजून हवेत जातो. वर्षाला मिलिमीटरने साचलेली ठेव पाणी गाळण्यासाठी उपसणं हा वाईट सौदा आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. बोर्ड ना मोनाने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जाहीर केलं. कॅनडात क्वेबेकमधली प्रीमिअर टेक ही पीटच्याच धंद्यात वाढलेली कंपनी. तिची ‘इकोफ्लो’ ही सेप्टिक टँकची गाळणी १९९०च्या दशकात पीट भरूनच बाजारात आली. आज त्याच गाळणीत नारळाच्या सोडणाचे तुकडे असतात.

इथे ही गोष्ट कोकणच्या अंगणात येते. सोडणातून काथ्याचे धागे काढल्यावर उरणारा भुसा पूर्वी ढिगाने पडून राहायचा. आता त्याच्या विटा बनतात आणि मराठी माणूस गच्चीवरच्या कुंड्यांसाठी त्या ‘कोकोपीट’ म्हणून विकत आणतो. पीट हा शब्द आपल्या घरात आला तो दलदलीतून नाही, नारळातून. कोइमतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामशिवायम यांनी काथ्याच्या भुशावर आणि त्यापासून केलेल्या कार्बनवर रंग आणि धातू कसे बसतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. भुशात लिग्निन भरपूर, त्यामुळे जागा इथेही आहेत.

फक्त त्यांवर हायड्रोजनचे रुमाल नसून खाऱ्या पाण्यातला सोडियम आणि नारळातलं पोटॅशियम बसलेलं असतं. पॉलिहाउसमध्ये जरबेरा लावणाऱ्या शेतकऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. कोकोपीटची वीट भिजवून तो आधी पाण्याचा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मोजतो, तो खाली येईस्तोवर भुसा धुतो, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवतो. कॅल्शियम सोडियमला आणि पोटॅशियमला उठवून बसतं, सकाळी ते पाणी निथळून टाकायचं. शेतकरी त्याला ‘बफरिंग’ म्हणतो. डॉल्फ्रुइनॉगच्या दलदलीत तांब्याने जे केलं, तेच हे. शहराजवळच्या नर्सरीत, प्लेटिंगच्या वसाहतीत, शाळेच्या प्रयोगशाळेत पाणी गाळायचं असेल तर आपल्याला सायबेरियाकडे पाहायची गरज नाही. हाताशी भुसा आहे, तो धुवायची रीत माहीत असलेले शेतकरी आहेत, आणि आकडे मांडू शकणारी महाविद्यालयं आहेत. नाही ती भरलेला भुसा सांभाळायची व्यवस्था, आणि ती आधी उभी करायला हवी.

टेबलाखाली तिसरी नळी झाकून ठेवली होती, ती आता वर ठेवली आहे. तिच्यात धुतलेलं आणि कॅल्शियम पाजलेलं कोकोपीट आहे. तिच्यावर मोरचुदाचं तेच पाणी व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सोडलं होतं. खालच्या चंचुपात्रात पाऊण पेला पाणी जमलं आहे. अमोनियाची बाटली शेजारी आहे, श्रोत्यांनी जवळ येऊन स्वतः थेंब टाकून पाहावा. उजवीकडच्या नळीतलं पीट आणि तिचं आम्लाचं पाणी मात्र मोरीत जाणार नाही. बाटल्या तयार आहेत, त्यांवर ‘तांबं’, वजन आणि आजची तारीख लिहिली आहे. धोकादायक कचरा उचलणाऱ्या परवानाधारक संस्थेची गाडी येईपर्यंत त्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेतल्या कुलुपाच्या कपाटात राहतील.